एका पैशाची काच

रुपयाचे ६४ पैसे होत असत, त्या काळात अंताजी दामोदर काळे गावोगाव हिंडून लोकांकडे वर्षाला एक पैसा मागत होते. मागणी देवळासाठी नव्हती, धर्मशाळेसाठीही नव्हती. माणशी पैसा-पैसा साठवून देशी उद्योगाला भांडवल उभं करायचं, ही त्यांची कल्पना. लोकमान्य टिळकांनी तिला भक्कम पाठबळ दिलं आणि १९०८ साली मावळात, तळेगाव दाभाड्याला, पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये टिळकांना शिक्षा होऊन मंडालेला जावं लागलं. भट्टी मात्र पेटलेलीच राहिली.

काचच का? तेव्हा घरोघरी उजेड कंदिलाचा. कंदिलाची चिमणी, औषधाची बाटली, बायकांच्या हातातल्या बांगड्या, सगळं बोटीनं येई. चिमण्या-बाटल्या युरोपातून, बांगड्या ऑस्ट्रियाकडून. चिमणी फुटायची आणि पुन्हा विकत घ्यावी लागायची. म्हणजे रोजच्या वापरातून पैसा नेमानं देशाबाहेर जायचा. १९०५ नंतर स्वदेशीचं वारं वाहत होतं, पण परदेशी कापडाची होळी करणं एका दिवसाचं काम आणि त्याजागी आपली वस्तू तयार करणं वर्षानुवर्षांचं.

तळेगावला हे काम ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे आलं. ते उत्तर प्रदेशातले, जपान आणि अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले. काच तयार होते रेती, सोडा आणि चुन्यापासून. हे मिश्रण विस्तवाला टिकणाऱ्या मातीच्या मोठ्या मुशीत घालून, १,४०० अंशांच्या आसपास तापवून मधासारखं वाहतं करायचं. मग कारागीर लांब लोखंडी नळीच्या टोकावर त्याचा गोळा उचलतो, नळी सतत फिरवत फुंकतो, साच्यात धरतो. फिरवणं क्षणभर थांबलं की गोळा एका अंगाला लोंबतो आणि चिमणीची एक बाजू जाड, एक पातळ होते. अशी चिमणी ज्योतीच्या उष्णतेनं तडकते. घडवलेला नग लगेच उघड्यावर थंड झाला, तरीही तडकतो; त्याला वेगळ्या भट्टीत सावकाश निववावं लागतं. रेतीत लोह असेल तर काच हिरवट पडते. सह्याद्रीचा कातळ काळा. त्याच्यापासून पांढरीशुभ्र रेती मिळत नाही, आणि दगडी कोळशाची खाण तर मावळाच्या आसपास कुठेच नाही. थोडक्यात, तळेगावात कारखान्यासाठी हवी तेवढी जिद्द होती. कच्चा माल लांबून आणायचा होता आणि हात तयार करायचे होते.

इथे गिऱ्हाइकाची बाजूही नीट ऐकली पाहिजे. रोजंदारीवर पोट असलेल्या माणसाला बोटीनं आलेली चिमणी स्वस्त आणि अधिक नितळ मिळत असेल, तर त्याने महाग, किंचित हिरवट देशी चिमणी का घ्यावी? या प्रश्नाला देशप्रेमाचं उत्तर पुरत नाही. त्याच्या घरातला उजेड आणि त्याच्या खिशातला पैसा, दोन्ही खरे आहेत.

पहिल्या महायुद्धात जर्मनी-ऑस्ट्रियाचा माल थांबला आणि देशी काचेला एकाएकी मागणी आली. १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला. त्यांचा प्रभाकर कंदील पुढे महाराष्ट्राच्या घराघरांत पोचला. युद्ध संपलं, परदेशी माल परतला. १९३१ च्या अखेरीस जपाननं सुवर्णमान सोडल्यावर येनचा भाव घसरला आणि जपानी काच आणखी स्वस्त झाली. टॅरिफ बोर्डानं १९३२ साली परदेशी मालावर जकात बसवून काचधंद्याला संरक्षण द्यावं असा अहवाल दिला. सरकारनं १९३५ साली ते नाकारलं. कारण सांगितलं की सोडा अ‍ॅश हा मुख्य कच्चा माल हिंदुस्थानात होत नाही. परक्या सरकारचा हा निवाडा मला अन्यायाचा वाटतो, कारण धंदा जगला तरच त्याला लागणारा सोडा देशात करायला कुणी पुढे येणार. पण त्या आक्षेपात एक तथ्य होतं: नुसती जकात लावून काच नितळ होत नाही.

मग पैसा फंडानं मिळवलं काय? माझ्या मते कारखान्याची सर्वांत मोठी कमाई तिथं शिकलेली माणसं. तळेगावात हात बसलेले कारागीर पुढे देशभरच्या काच कारखान्यांत गेले. वार्ष्णेय यांनीही उत्तर प्रदेशात बहजोईला कारखाना काढून सपाट तावदानी काच करून दाखवली. हा लाभ चिमणीच्या किमतीत कुठेच दिसत नाही, म्हणून तो बाजारात मोजला जात नाही.

आयात म्हणजे सरसकट घातक, असंही मावळाचा इतिहास सांगत नाही. तळेगावची भट्टी सुरू होऊन तीन वर्षं होताहेत तोच, १९११ साली लोणावळ्याला टाटांच्या जलविद्युत योजनेची पायाभरणी झाली. लोणावळ्याच्या तलावांतलं पाणी घाटाखाली खोपोलीला उतरवून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. टर्बाइन स्वित्झर्लंडची, जनित्रं जर्मनीची. ती यंत्रं इथे तयार होईपर्यंत थांबायचं ठरवलं असतं, तर गिरण्या कोळशावरच राहिल्या असत्या. धंदा उभा करणारी आयात आणि उभा धंदा बसवणारी आयात यांना एकाच तराजूत घालता येत नाही.

आज हाच प्रश्न मावळात फुलांच्या रूपानं आला आहे. तळेगावचं फ्लोरिकल्चर पार्क आणि पवन मावळातली पॉलिहाऊस इथून व्हॅलेंटाइन डेसाठी गुलाब परदेशी जातो. या गुलाबाच्या जातीही मूळच्या परदेशी. त्याला सगळे डच गुलाबच म्हणतात. पण छाटणी, खत, पाणी, तोडणी, प्रतवारी आणि शीतगृह हे सगळं इथल्या हातांनी होतं. समोर उभी आहेत चीनहून येणारी प्लास्टिकची फुलं. मंडप सजवणाऱ्याला ती एकदा घेतली की अनेक लग्नांना पुरतात, ताजं फूल दुसऱ्या दिवशी माना टाकतं. हिशेब सजावटवाल्याच्या बाजूनं सरळ आहे. मात्र रंग उडालेलं प्लास्टिक शेवटी कचऱ्यात जातं, त्याचा खर्च नगरपालिका आणि नदी सोसते. आणि पॉलिहाऊस बंद पडलं की खुडणीला येणाऱ्या बायकांची मजुरी जाते. प्लास्टिकच्या फुलांविरुद्ध फूल उत्पादक उच्च न्यायालयात गेले, आणि २०२५ मध्ये विधिमंडळात त्यांच्यावर बंदीचं आश्वासन मिळालं. बंदी आली तर मी तिचं स्वागत करीन, कारण इथे स्वस्ताईचा बोजा दुसऱ्याच्याच डोक्यावर पडतो.

प्रत्येक वस्तूला मात्र बंदी किंवा चढी जकात हा उपाय नाही. संरक्षण द्यायचं तर मुदत ठरवून द्यावं, आणि त्या मुदतीत कच्चा माल, प्रशिक्षण आणि दर्जा यांचा हिशेब कारखानदाराकडून मागावा. महाग देशी वस्तूचा भार गरिबाच्या खिशावर लादू नये. ज्यांना चार पैसे जास्त परवडतात, त्यांनी तो उचलावा. यंदाच्या दिवाळीत दाराला तोरण बांधताना आणि मंडपाचं कंत्राट देताना, निदान फुलं तरी ताजी घ्या.