गावची पांढरी आणि आपली मुले

गिरणाकाठच्या एका गावी कपाशीवरील बोंडअळीची सभा होती. माणसे जमायला अवकाश होता, म्हणून शाळेच्या ओसरीवर टेकलो. आत सहावीचा तास चालू होता. गुरुजी मोहेंजोदडोचे स्नानगृह, भाजक्या विटा आणि गटारे सांगत होते व मुले एका सुरात घोकत होती. शाळेमागे पन्नास पावलांवर गावची जुनी पांढरी होती. तिच्यावर खापरांचा खच पडलेला. मधल्या सुट्टीत हीच मुले त्या टेकाडावरून घसरत खाली येतात. पण शेकडो कोसांवरची गटारे पाठ आणि पायाखालचे टेकाड अनोळखी, असा सगळा प्रकार.

काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे वस्ती, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. वस्तीची माती पांढुरकी का होते, तेही उघड आहे. पिढ्यान् पिढ्या चुलीची राख पडते, शेण-गोमूत्र मुरते, मातीची भिंत पावसात बसते आणि तिच्यावरच नवी उभी राहते. असे थर चढत टेकाड तयार होते. आपल्या खान्देशात नदीकाठी अशी टेकाडे पुष्कळ आहेत आणि त्यांतली काही जाणत्यांनी खणून पाहिली आहेत. चाळीसगाव तालुक्यात गिरणेवरच्या बहाळला १९५२-५३ साली उत्खनन झाले. समोरच्या काठावर टेकवाड्याला त्या काळच्या माणसांची दफने मिळाली. तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे येथे १९५५ साली खोदकाम झाले. साक्री तालुक्यातील कावठे येथेही झाले. तापीकाठच्या सावळदे गावाचे नाव तर एका संपूर्ण प्राचीन संस्कृतीला मिळाले आहे. प्रकाशे आणि सावळदे ही गावे पूर्वी धुळे जिल्ह्यात होती, १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात गेली. सावळद्याची माणसे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची, आणि ती शेतकरी होती. राजे नव्हेत, सरदार नव्हेत. आपल्यासारखीच पेरणारी, कापणारी माणसे.

पुढे मी त्या गुरुजींना विचारून दोन शनिवार मुलांबरोबर घालवले. मी इतिहासाचा माणूस नाही, माझी पदवी शेतीची. पण जुन्या माणसांचा रोजचा दिवस समजावायला शेतकऱ्याच्या घरात लागेल तेवढे साहित्य असते, असे माझ्या ध्यानात आले.

पहिल्या शनिवारी फळ्यावर जेवणाचे ताट काढले. भाकरी, वांग्याचे भरीत, मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी, बटाट्याची भाजी. मग एकेक पुसत गेलो. मिरची, भुईमूग, बटाटा, टमाटे, मका ही सारी अमेरिकेची पिके. पोर्तुगीज वगैरे मंडळी समुद्रमार्गे आली त्यानंतरची. ज्वारी आणि बाजरी मूळच्या आफ्रिकेतल्या. मिरची पुसली तेव्हा वर्गात मोठाच गलका झाला. मिरचीवाचून भरीत कसले, असे सगळ्यांचे म्हणणे पडले. मग राहिले काय? पुणे जिल्ह्यात घोडनदीवर इनामगाव आहे. तेथे १९६८ ते १९८२ पर्यंत डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या विद्वानांनी खोदकाम केले. त्यात जळालेले दाणे मिळाले : जव, गहू, मसूर, वाटाणा. शिवाय गुरांची, शेळ्यामेंढ्यांची, हरणांची हाडे निघाली. धान्य ठेवायची पेवे निघाली, पुराचे पाणी वळवायला घातलेला बांध आणि पाटही निघाला. म्हणजे आमच्या खात्याची योजना तीन हजार वर्षांपूर्वीच राबवून झाली होती म्हणायची!

दुसऱ्या शनिवारी पाटा-वरवंटा मागवला. फिरते जाते बऱ्याच शतकांनी आले, त्या वेळी दाणे दगडावर दगड घासूनच दळायचे. मुलांनी पाळीपाळीने मूठभर गहू रगडले. घाम निघाला, तरी पीठ जाडेभरडेच. एक मुलगा म्हणाला, ‘मायला रोज असं करनं पडे तर ती कधी जेवी?’ एवढे एक वाक्य बोलला तरी तास वसूल झाला. मग गारगोटीच्या धारेने ज्वारीचे ताट कापून पाहिले. त्या लोकांना तांबे होते, पण थोडके; रोजची कामे दगडी पात्यांवर चालत. कापसाचेही सांगितले. नेवाशाच्या उत्खननात एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तिचा दोरा तपासला, तेव्हा त्यात रेशीम आणि कापूस निघाला. आपण कपाशीवाले, हे तरी आपल्या मुलांना ठाऊक हवे.

नंतर टेकाडावर गेलो. नियम एकच : खापर बघायचे, वाजवायचे आणि होते तिथे ठेवायचे. जोर्वे येथे प्रथम ओळखलेली लाल, काळ्या रेघांची खापरे पक्की भाजलेली असतात, ती धातूसारखी खणखणतात. मुलांचे कान तयार होतात. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीची शहामृगाच्या अंड्याची कवचे सापडली आहेत आणि त्यांवर रेघांची नक्षी कोरलेली आहे, हे सांगितले तेव्हा खान्देशात शहामृग होते यावर कोणी विश्वास ठेवीना.

इनामगावची एक गोष्ट सांगावी की नको, असे वाटत होते. तेथे लहान मूल गेले की दोन मडक्यांच्या तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि राहत्या घराच्या भुईखालीच पुरत. सापडलेल्या दफनांत बहुतेक लहानांचीच आहेत. सांगितले. वर्ग गप्प झाला. घरातच का पुरत असतील, असे मी विचारले. मागे बसलेली एक मुलगी म्हणाली, ‘आईला लांब ठेववत नसेल.’

ते ऐकून मला माझे एक जुने काम आठवले, ते येथे लिहून टाकतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका गावच्या शेतकऱ्याने विचारले, ‘साहेब, पांढरीची माती हलक्या रानात टाकली तर चालेल का?’ मी म्हटले, उत्तम! राख आहे, हाडे आहेत, स्फुरद भरपूर मिळेल. शास्त्र म्हणून ते खरेच आहे. त्याने चाळीसेक गाड्या टाकल्या, पीकही बरे आले. दुसऱ्या वर्षी गावाने ट्रॅक्टर लावले. धाब्यांनाही माती गेली. तीन-चार उन्हाळ्यांत निम्मे टेकाड संपले. पुढे त्या गावच्या एका आजीबाईंनी सांगितले की, खणताना तोंडाला तोंड लावलेली मडकी निघत, आत बारीक हाडे असत, आणि माणसे घाबरून ती नदीत सोडून देत. ती मडकी काय होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. सल्ला मात्र माझाच होता.

म्हणून आता कोणी विचारले की सरळ सांगतो : जमिनीला स्फुरद कमी असेल तर माती परीक्षण करून घ्या, शेणखत, कंपोस्ट टाका, लागेल तेवढे सुपर फॉस्फेट द्या. स्फुरद बाजारात मिळते, टेकाड मिळत नाही. नांगराला किंवा विहिरीच्या कामात काही लागलेच तर जागेवर ठेवा व तलाठ्याला, तहसीलदारांना कळवा. नगर जिल्ह्यातील दायमाबादला १९७४ साली झाडाचे मूळ खणताना ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले. ते सरकारजमा झाले म्हणूनच आज आपल्याला पाहता येतात. मुलांना घेऊन धुळ्यास जाणे झाले तर राजवाडे संशोधन मंडळात अवश्य न्यावे. इतिहासाचार्यांच्या निधनानंतर १९२७ साली स्थापन झालेली ही आपल्या घरची संस्था आहे.

त्या गावचे गुरुजी आता मोहेंजोदडोच्या धड्याआधी मुलांना टेकाडावर नेतात. यंदा मडके घडवताना दाखवायचे ठरले आहे. शेजारच्या गावचे कुंभारबाबा यायला तयार आहेत, पण त्यांचे चाक आणायला बैलगाडी कोणाची, ते अजून ठरायचे आहे.