गुलाबी हिरा

गुलाबी रंगछटा असलेला नैसर्गिक हिरा. फिकट गुलाबीपासून गडद जांभळट गुलाबीपर्यंत त्याच्या छटा आढळतात. रासायनिक दृष्ट्या तो इतर हिऱ्यांप्रमाणेच स्फटिकरूप कार्बन होय. स्फटिक घनीय. कठिनता १०. वि. गु. ३·५२. प्रणमनांक २·४१७. दुर्मिळता व रंग यांमुळे रत्नांच्या बाजारात त्याला फार मोठे मोल येते आणि त्याच कारणाने या रत्नाच्या व्यवहारात फसगतीचा संभवही अधिक असतो.

रंगाचे कारण : पिवळ्या हिऱ्याचा रंग नायट्रोजनामुळे, तर निळ्याचा बोरॉनामुळे येतो. बहुतेक गुलाबी हिऱ्यांच्या रंगाला मात्र असे परके मूलद्रव्य कारणीभूत नसते. भूकवचाखाली प्रचंड दाब व ताण सोसताना त्यांच्या स्फटिकजालकाचे विरूपण होते. असा हिरा ५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा प्रकाश शोषून घेतो व गुलाबी दिसतो. सूक्ष्मदर्शकातून हा रंग अनेकदा पातळ, समांतर पट्टांत विभागलेला दिसतो. विरूपण अधिक झाल्यास तपकिरी रंग येतो. म्हणून हे दोन्ही रंग एकाच खाणीत शेजारी आढळतात. थोड्या हिऱ्यांत नायट्रोजनाचा अणू व त्याला लागून असलेली रिक्त जागा यांच्या जोडीमुळे फिकट गुलाबी रंग येतो.

आढळ : पश्चिम ऑस्ट्रेलियातील आर्गाइल खाणीतून जगातील सु. ९०% गुलाबी हिरे मिळत. तथापि त्या खाणीच्या एकूण उत्पादनात त्यांचा वाटा अत्यल्प होता. ही खाण नोव्हेंबर २०२० मध्ये बंद झाली. तेथील हिरे वाहून आणणारा खडक सु. १३० कोटी वर्षांपूर्वीचा असल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. टांझानिया, दक्षिण आफ्रिका, रशिया व ब्राझील येथेही असे हिरे मिळतात. पूर्वी गोवळकोंडा राज्यातील खाणी यांसाठी प्रसिद्ध होत्या.

सातारा व सांगली जिल्ह्यांचा बहुतेक भाग दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टाने व्यापलेला आहे. हिरे खोल भूगर्भातून वर आणणारे किंबर्लाइट वा लॅम्प्रोइट हे खडक त्याहून वेगळे होत. या बेसाल्टाच्या पोकळ्यांत, विहिरी व दगडखाणी खणताना, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट यांसारख्या झिओलाइट खनिजांचे सुंदर गुलाबी स्फटिक सापडतात. त्यांची कठिनता केवळ ३·५ ते ४ असते. संग्राहकांना ते हवे असतात. पण ते हिरे नव्हेत.

ऐतिहासिक हिरे : इराणच्या राजरत्नांतील ‘दर्या-इ-नूर’ हा गोवळकोंड्याचा फिकट गुलाबी हिरा होय. मराठी वाचकाला बडोद्याच्या गायकवाड घराण्याशी संबंधित दोन हिरे अधिक परिचित वाटतील. ब्राझीलमध्ये १८५३ साली सापडलेला व पैलू पाडल्यावर सु. १२८ कॅरट भरलेला ‘स्टार ऑफ द साउथ’ खंडेराव गायकवाड यांनी ८०,००० पौंडांस घेतला. हैदराबादच्या निजामांकडून आलेला ३४·६५ कॅरटचा गुलाबी हिरा १९६० मध्ये लंडन येथील लिलावात विकला गेला व बडोद्याच्या राजपुत्राच्या लाडक्या नावावरून ‘प्रिन्सी’ म्हणून ओळखला जाऊ लागला. २०१३ मध्ये न्यूयॉर्क येथे त्याला सु. ३ कोटी ९३ लक्ष डॉलर किंमत आली.

प्रतवारी : रंगहीन हिऱ्यात रंगाचा अभाव हा गुण ठरतो, तर गुलाबी हिऱ्यात रंगाची तीव्रता हाच मोलाचा मुख्य आधार असतो, नितळपणा दुय्यम मानला जातो. फेंट, लाइट, फॅन्सी, फॅन्सी इंटेन्स, फॅन्सी व्हिव्हिड अशा श्रेणी प्रमाणपत्रात दिलेल्या असतात. वर्णनातील शेवटचा शब्द मुख्य रंग दर्शवितो. ‘तपकिरीसर गुलाबी’ व ‘गुलाबीसर तपकिरी’ यांत म्हणूनच मोठा फरक आहे. ‘स्टार ऑफ द साउथ’ दुसऱ्या वर्गात मोडतो. वजन कॅरटमध्ये (१ कॅरट = २०० मिग्रॅ.) देतात.

परीक्षा व खरेदी : सांगली जिल्ह्याच्या खानापूर व आटपाडी तालुक्यांतील गलाई व्यावसायिक देशभर सोने-चांदी गाळून शुद्ध करतात. सोन्याचा कस लावता येतो, ते वितळवून पाहता येते. हिऱ्याला या परीक्षा लागू नाहीत. दागिन्यावरील भारतीय मानक ब्यूरोचा हॉलमार्क केवळ धातूच्या शुद्धतेची ग्वाही देतो. त्यातील रत्नाविषयी तो काहीही सांगत नाही.

गुलाबी माणिकवर्गीय खडे, गुलाबी पुष्कराज व झिर्कोनिया हे खडे हिरा म्हणून खपविले जातात. ते प्रणमनांक व वि. गु. यांवरून ओळखता येतात. त्याहून कठीण प्रश्न खऱ्या हिऱ्यांचाच असतो. स्वस्त हिऱ्यावर किरणांचा मारा करून व तो तापवून, अथवा पातळ लेप देऊन गुलाबी रंग आणता येतो. प्रयोगशाळेत वाढविलेले गुलाबी हिरेही मिळतात. ते रासायनिक दृष्ट्या हिरेच असतात. परंतु त्यांची किंमत नैसर्गिक हिऱ्याच्या अल्पांशाने असते. सराफाकडील उष्णतासंवाहक परीक्षायंत्र हा भेद दाखवू शकत नाही; त्यासाठी वर्णपटदर्शकाची तपासणी लागते. जुन्या दागिन्यांत बंद कोंदणात खड्याखाली गुलाबी डांक ठेवण्याची पद्धत होती. असा खडा कोंदणातून काढल्याशिवाय त्याचा खरा रंग कळत नाही.

यास्तव सुटा हिरा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रासह घ्यावा. त्यात हिरा नैसर्गिक असल्याची व त्याचा रंगही नैसर्गिक असल्याची अशा दोन स्वतंत्र नोंदी पाहाव्यात आणि प्रमाणपत्राचा क्रमांक प्रयोगशाळेकडे पडताळावा. हाच तपशील पावतीवर लिहून घेतल्यास पुढे ग्राहक आयोगापुढे दाद मागणे सुकर होते. सोन्याप्रमाणे गुलाबी हिऱ्याला रोजचा जाहीर भाव नसतो व प्रत्येक खड्याचे मोल वेगळे ठरते. लिलावांतील विक्रमी किमती फार थोड्या असामान्य हिऱ्यांच्या असतात. त्यांवरून लहान, फिकट खड्याच्या पुनर्विक्रीचा अंदाज बांधता येत नाही.