बेरजा करणारा मिस्टर झीरो: 'द ॲडिंग मशीन' छोट्या ग्रुपने कसं करावं

आजचं नाटक शंभर वर्षांपूर्वीचं आहे, पण गोष्ट आपल्याच ऑफिसातली वाटेल. एल्मर राईसचं 'द ॲडिंग मशीन', १९२३ साली न्यूयॉर्कमध्ये थिएटर गिल्डने पहिल्यांदा केलेलं. मिस्टर झीरो हा कारकून २५ वर्षं एकाच ठिकाणी आकड्यांच्या बेरजा करतोय. आज पगारवाढ मिळणार अशी त्याची खात्री. साहेब म्हणतो, यापुढे बेरजा मशीन करणार, तुम्ही या आता. झीरो त्याचा खून करतो.

हे एक्सप्रेशनिस्ट नाटक. म्हणजे काय, तर मंचावर घर-ऑफिस जसंच्या तसं दिसत नाही, त्या माणसाच्या डोक्यातलं जग दिसतं. बेडरूमच्या भिंतींवर आकड्यांनी भरलेले कागद. पाहुण्यांची नावं मिस्टर वन ते मिस्टर सिक्स आणि त्यांच्या मिसेस, सगळे एकाच साच्यातले. खुनाच्या वेळी तर जमीन फिरायला लागते. वारा, घोड्यांच्या टापा, रेल्वेची शिट्टी, फुटणाऱ्या काचा, सगळे आवाज एकदम, आणि मग अंधार. खून दिसतच नाही.

आता अमेरिकेतली कम्युनिटी थिएटर आपल्या हौशी रंगभूमीसारखीच. दिवसा नोकरी, संध्याकाळी तालीम. फिरती जमीन कुठून आणणार? गरजच नाही. टेबल जागेवर ठेवा, त्याभोवती तेच पाहुणे फिरू देत, आवाजही त्यांनीच काढू देत. रेकॉर्ड केलेल्या साउंडपेक्षा बारा माणसांचे गळे जास्त अंगावर येतात. (शिवाय २०१९ पासून हे नाटक अमेरिकेत कॉपीराइटमुक्त आहे, म्हणजे तिथे रॉयल्टीचे पैसे वाचले.)

खरी अडचण पैशांची नाहीच. एक्सप्रेशनिस्ट म्हटलं की सगळे रोबोटसारखे चालायला लागतात. दहा मिनिटं मजा येते, मग लोक मोबाईल काढतात. पहिला अख्खा प्रवेश मिसेस झीरो एकटी बोलते, तो पलंगावर गप्प पडून. ती थकलेली बाई म्हणूनच बोलली पाहिजे. एकसुरी तिचं आयुष्य आहे, आवाज नाही.

दुसरं म्हणजे झीरोला बिचारा करू नका. पार्टीत ही मंडळी परदेशी, ज्यू, कॅथलिक, काळे अशा सगळ्यांना शिव्या घालतात, आणि झीरोही त्यातलाच. आजच्या प्रेक्षकासमोर हा भाग कापायचा मोह होतो. माझं मत, ठेवा. कापलात तर उरतो मशीनने छळलेला एक भला माणूस, आणि राईसने तो लिहिलेलाच नाही. प्रयोगानंतर प्रेक्षकांशी त्यावर बोला हवं तर. मशीनच्या जागी लॅपटॉप ठेवायची आयडियाही सोडा. एआय टूल आल्यावर ज्यांच्या टीममध्ये शांतता पसरलीय, ते लोक हा जोड स्वतःच लावतात.

शेवटचा प्रवेश मरणानंतरचा. झीरोला पुन्हा पृथ्वीवर पाठवतात, आणखी मोठं मशीन चालवायला, तेही उजव्या पायाच्या अंगठ्याने! तो जायला तयार नाही, तेव्हा त्याला होप नावाच्या मुलीचं आमिष दाखवतात. ती मुलगी नसतेच. तो तिच्यामागे धावत सुटतो. इथे नटी आणू नका, रिकाम्या जागेवर फक्त लाइट टाका.