आत्याबाईंचे वेळापत्रक

भाची झाली आणि आमच्या घरात माझा रुबाब जरा वाढलाच! बारशाला बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगायचा मान आत्याचा आणि पाठीवर धपाटे खायचा मानही तिचाच. दोन्ही मी हौसेने घेतले. त्यामुळे चैत्रात "छकुलीला एकदा सगळ्यांना दाखवून आणू या" असे ठरले, तेव्हा बेत आखायचे कामही मीच अंगावर घेतले.

शाळेत शिकवण्याची सवय. कागदावर रेघा मारून चक्क वेळापत्रकच केले. पहिल्या दिवशी पुण्याहून साताऱ्याला, आजीकडे. पणती बघायला तिचे डोळे लागलेले. दुसऱ्या दिवशी पहाटे कोल्हापूर, अंबाबाईचे दर्शन, काकांकडे जेवण आणि संध्याकाळी सांगलीला मावशीकडे. तिसऱ्या दिवशी परत. छकुली साडेतीन महिन्यांची, चौदा आठवड्यांची लसही झालेली. पिशवीत लंगोट, दुपटी, टोपडी, मेणकापड, लशींचे कार्ड सगळे आठवणीने भरले. आता काय राहिले?

राहिले होते ते फार मोठे होते. पण ते मला तेव्हा कळले नाही.

सातारा छान पार पडले. आजीने भाकरतुकडा ओवाळून टाकला, बाळाच्या मुठीत नोट दिली आणि वहिनीची ओटी भरली. दुसरा दिवस मात्र सकाळपासूनच घाईचा. पहाटे वहिनीने बाळाला नीट पाजले तेवढेच. बसमध्ये गर्दी, देवळात लांबलचक रांग. काकांकडे पोचलो तर शेजारपाजारच्या बायकासुद्धा बाळ बघायला जमलेल्या. छकुली या हातातून त्या हातात. कुणी म्हणे नाक आजीचे, कुणी म्हणे जिवणी काकांची. ती रडायला लागली की, "भुकेली नाही गं, झोप आलीये," म्हणत कुणीतरी खांद्यावर टाकून अंगणात फिरवून आणी.

वहिनीने त्या दुपारी दोनदा माझ्याकडे पाहिले. मला वाटले, दमली असेल. तिने पदर पुढे ओढून घेतला होता, हात छातीशी घट्ट धरला होता. दोन मुले वाढवलेली बाई मी, पण माझ्या लक्षात आले नाही. भाऊ बाहेर पुरुषमंडळींत गप्पांत रंगलेला. सासरची एवढी माणसे बसलेली असताना "बाळाला माझ्याकडे द्या, मला आत जाऊ द्या" असे नवी सून म्हणणार तरी कशी?

रात्री सांगलीत वहिनीला थंडी वाजून ताप भरला. एका बाजूची छाती लालभडक, दगडासारखी कडक, हात लावू देईना. मावशी घाबरून म्हणाली, "तापाचं दूध पोरीला देऊ नका गं, बाधेल." वहिनीने पाजायचे थांबवले आणि दोघी मायलेकी रात्रभर रडत राहिल्या.

सकाळी डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी पहिला प्रश्न केला, "काल कितीदा पाजलंत?"

वहिनी खाली मान घालून म्हणाली, "पहाटे एकदा नीट. मग घाईघाईनं, अर्धवट."

बाईंनी समजावून सांगितले, की दूध साचून राहिले की असे होते. तापामुळे बाळाला दूध बाधत नाही, उलट पाजणे एकदम बंद केले तर दुखणे वाढते. पाजणाऱ्या आईला चालतील अशी औषधे दिली, थंड पाण्याच्या घड्या ठेवायला सांगितल्या, आणि छाती जोराने चोळायची नाही अशी ताकीद दिली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही कोण?"

"बाळाची आत्या."

"मग हे तुम्ही बघायचं होतं. सुनेला नाही म्हणता येत नाही. तुम्ही तर त्या घरच्या लेक!"

मला काही बोलता आले नाही. माझ्या सुरेख वेळापत्रकात चहा होता, दर्शन होते, जेवण होते, बसच्या वेळा होत्या. वहिनीने बाळाला पाजायचे केव्हा आणि कुठे, याची एक ओळही नव्हती. परतीचा बेत दोन दिवसांनी पुढे ढकलला, ताप उतरल्यावरच निघालो. पुण्यात पोचल्यावर मी म्हटले, "चुकलं माझं." वहिनी हसली, "ताई, मी तरी कुठं बोलले?" पण तिने बोलायची वेळ यायलाच नको होती.

वैशाखात साताऱ्यालाच चुलतबहिणीचे लग्न निघाले. या वेळी कागदावर पहिली ओळ वहिनीची लिहिली. निघण्यापूर्वी काकूला फोन करून विचारले, "बाळंतिणीला बसायला खोली कुठली?" रुखवताची खोली मिळाली. बाळ चुळबुळ करू लागले, ओठ चाटू लागले की रडण्याची वाट न पाहता मीच उठून म्हणे, "द्या हो, तिची वेळ झाली," आणि मायलेकींना आत नेऊन दाराशी खुर्ची टाकून बसे. कुणाला राग आला नाही. आत्याने केले म्हणजे ती कौतुकाचीच गोष्ट!

एक आजीबाई मधाचे बोट घेऊन आल्या. मी हसून म्हटले, "उष्टावण व्हायचंय अजून तिचं." त्यांना पटले. सहा महिन्यांपर्यंत आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नाही, आणि मध तर वर्षाच्या आत मुळीच नाही, हे डॉक्टर सांगतातच. पण भरल्या मांडवात 'डॉक्टर' म्हटले की वाद होतो, 'उष्टावण' म्हटले की होत नाही! सर्दी-खोकला असलेल्यांना "लांबूनच बघा हं" आणि बाकीच्यांना "आधी हात धुऊन या", हेही मीच सांगितले.

मैत्रिणींनो, तान्ह्या बाळाला घेऊन निघणार असाल तर दिवसाला एकच घर ठेवा. लस टोचली त्या दिवशी प्रवास नको, रात्री ताप येतो. एसटीत पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही आणि 2023 सालापासून आपल्याला अर्धे, तेव्हा गाठीभेटींसाठी दोन खेपा केल्या तरी फार भुर्दंड पडत नाही. अनेक स्थानकांवर पाजण्यासाठी हिरकणी कक्ष आहेत, तिथे आधी चौकशी करा. बाळासाठी रायगडचा कडा उतरणाऱ्या आईचे नाव त्यांना दिले आहे, ते उगीच नाही.

आणि तुम्ही आत्या, मावशी, नणंद, जाऊ कुणीही असा, बाळ सगळे जण बघतात, तुम्ही जरा त्याच्या आईकडे बघा. तिने दुसऱ्यांदा पाहिले, तर मुकाट्याने उठा.