मासिक वाणसामानाचे अंदाजपत्रक आणि आगोटीची बेगमी : पेण व रोहा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

कौटुंबिक अंदाजपत्रक हा वाणिज्य व गृहविज्ञान या दोन्ही शाखांच्या अभ्यासक्रमातील परिचित घटक आहे. उत्पन्न मांडावे, खर्चाचे शीर्षकनिहाय विभाजन करावे आणि महिनाअखेरीस अंदाज व प्रत्यक्ष यांतील तफावत पाहावी, अशी त्याची पाठ्यपुस्तकी पद्धत आहे. ही पद्धत आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. आपल्या घरी ती पाळू गेल्यास वर्षातील सात-आठ महिने ती बऱ्यापैकी चालते आणि उरलेल्या महिन्यांत कोलमडते. त्याचे खापर सामान्यतः गृहिणीच्या हाताला नसलेल्या आळ्यावर किंवा महागाईवर फोडले जाते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन निराळे आहे. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या तालुक्यांत स्वयंपाकघराचा हिशेब परंपरेने महिन्याचा नव्हे, तर वर्षाचा आहे. त्या वार्षिक हिशेबावर मासिक चौकट जशीच्या तशी बसविली, की ती मोडणे क्रमप्राप्त ठरते. ही चौकट वार्षिक खर्चातून कशी काढावी, याचे स्पष्टीकरण करणे हा या लेखाचा हेतू होय.

आगोट म्हणजे काय

पावसाळा तोंडावर आला असताना घरात जी साठवण केली जाते, तिला या परिसरात ‘आगोट’ म्हणतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांत येथे सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. रस्ते, पूल आणि खाडीकाठचे बांध यांची आजची स्थिती नसताना खारेपाटातील गावांचा बाजाराशी संबंध या काळात तुटत असे. शिवाय पावसाळी मासेमारीबंदीमुळे जून-जुलैत समुद्राची ताजी मासळी दुर्मिळ होते. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत मिरची व मसाला, कडवे वाल, सुकट, जवळा, बोंबील, सोडे, चिंच, आमसूल, पांढऱ्या कांद्याच्या माळा, पापड, लोणचे, पोहे अशी खरेदी एकदम होते. पोयनाड, नागोठणे येथील आठवडे बाजारांत या दिवसांत सुक्या मासळीची जी गर्दी दिसते, ती याच कारणाने. (सोड्यांच्या भावाची चर्चा हा तर या दिवसांत महाविद्यालयाच्या शिक्षक कक्षातही मान्यताप्राप्त विषय असतो.)

रस्ते झाले, शीतकपाटे आली, दुकाने बारमाही उघडी राहिली. तरी आगोट संपलेली नाही. तिचे प्रमाण घटले आहे, कारण सदनिकेत माळा नाही, पडवी नाही आणि मिरची वाळविण्यास अंगणही नाही. परंतु घटलेली आगोटदेखील एका महिन्याच्या वेतनावर पेलण्याजोगी नसते. त्यातच नोकरदारांची आणखी एक अडचण अशी, की आयकराची उर्वरित कपात बहुधा फेब्रुवारी-मार्चच्या वेतनातून होते. म्हणजे हात सर्वाधिक आखडलेला असताना आगोट दाराशी येते.

दोन गावे, दोन प्रकारचे उत्पन्न

पेण व रोहा ही गावे एकाच जिल्ह्यातील व एकाच लोहमार्गावरील असली, तरी त्यांच्या उत्पन्नाचे चक्र भिन्न आहे. रोह्यात धाटाव औद्योगिक वसाहतीतील कायम कामगार, शासकीय कर्मचारी व शिक्षक यांचे उत्पन्न ठरलेल्या तारखेस व ठरलेल्या रकमेत येते. त्यांचा खर्च मात्र हंगामी असतो. पेण शहर आणि हमरापूर, जोहे परिसरातील गणेशमूर्ती व्यवसायात नेमकी उलट स्थिती आढळते. कार्यशाळेचे काम जवळजवळ वर्षभर चालते, पण मूर्तींचे पैसे प्रामुख्याने गणेशोत्सवाच्या अलीकडील काही महिन्यांत हाती येतात. घरात तांदूळ, तेल, चहा-साखर मात्र बारा महिने लागते.

ही उणीव परंपरेने वाण्याच्या उधारीच्या वहीने भरून काढली. ही वही म्हणजे विनातारण, विनाअर्ज मिळणारे कर्जच होय आणि तिची सामाजिक उपयुक्तता नाकारता येत नाही. तथापि तिची एक अदृश्य किंमत असते. खाते ज्या दुकानात आहे, तेथूनच माल घ्यावा लागतो. भावाची तुलना करण्याचा व घासाघीस करण्याचा अधिकार उधारी असेपर्यंत जवळजवळ संपतो. शिवाय दरवेळी पैसे मोजून द्यावे लागत नसल्याने खर्चाची बोच जाणवत नाही. म्हणून मूर्तिकार कुटुंबाने पैसे आले की प्रथम जुनी वही मिटवावी, कच्चा माल व मजुरीची तरतूद बाजूला काढावी आणि घरखर्चाच्या उर्वरित रकमेचे बारा भाग करावेत. एक भाग दर महिन्यास स्वतःला ‘वेतन’ म्हणून द्यावा. भाताच्या कापणीनंतर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वर्षाचा तांदूळ घेऊन ठेवला, तर वहीवरील मोठी नोंद आपोआप टळते.

वार्षिक खर्चातून मासिक आकडा

वेतनदार कुटुंबाचा विचार उदाहरणाने स्पष्ट करता येईल. पुढील आकडे केवळ गणितासाठी घेतले आहेत. चार माणसांच्या घरात सामान्य महिन्याचे वाणसामान ७,५०० रुपयांचे धरू. वर्षाचे ९०,००० रुपये होतात. आगोटीचे १४,०००, गणपतीचे ५,००० व दिवाळीचे ५,००० मिळविले असता एकूण १,१४,००० रुपये होतात आणि मासिक सरासरी ९,५०० रुपये येते. अंदाजपत्रक ७,५०० रुपयांचे नव्हे, तर ९,५०० रुपयांचे आहे, हे येथे प्रथम मान्य करावे लागते. ७,५०० हा आकडा कागदावर सुखद दिसतो. पण वर्षातील २४,००० रुपयांचा खर्च त्यात लपून राहतो व पुढे बचतीतून किंवा पतपेढीच्या कर्जातून बाहेर येतो.

दरमहा उरणारे २,००० रुपये स्वतंत्र ठेवावेत. बँकेचे आवर्ती खाते किंवा डाळीच्या डब्यामागचा जुना डबा, दोन्ही चालतात. आरंभ एप्रिलमध्ये करू नये, कारण आगोट त्याच वेळी येते व डबा रिकामा असतो. आरंभ जूनमध्ये करावा. जून ते ऑगस्ट ६,००० रुपये जमतात, त्यांतून गणपतीचे ५,००० जाऊन १,००० उरतात. सप्टेंबर-ऑक्टोबरचे ४,००० मिळून दिवाळीचे ५,००० निघतात. नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांत १४,००० रुपये जमतात, ते आगोटीचे. एप्रिलअखेर यांपैकी १२,००० हाती असल्याने मिरची व मसाला एप्रिलमध्ये आणि उरलेली खरेदी मे महिन्यात, असा क्रम ठेवावा लागेल. पहिल्या वर्षीची आगोट मात्र नेहमीप्रमाणेच ओढाताणीची होईल. त्यास उपाय नाही.

सणांच्या तारखा सरकतात, ही बाबही दुर्लक्षून चालत नाही. २०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला, म्हणजे वेतन संपत आलेल्या दिवसांत आली. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला येते. मासिक अंदाजपत्रक करणाऱ्याने इंग्रजी दिनदर्शिकेशेजारी पंचांगही ठेवावे, ते यासाठी. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्ये ‘मानसिक लेखांकना’ची जी संकल्पना मांडली, तिच्यानुसार माणसे पैशांवर मनातल्या मनात उद्देशांची नावे लिहितात व एका नावाचा पैसा दुसरीकडे सहजी वळवीत नाहीत. आपल्या आज्या लुगड्याच्या गाठी निरनिराळ्या बांधत, तेव्हा त्या हेच करीत होत्या.

साठवण खरोखर स्वस्त पडते काय

साठवण ही सर्व वस्तूंबाबत फायद्याची नसते. हंगामातील भाव व नंतरचा भाव यांतील फरक हा नासाडी आणि अडकलेला पैसा यांपेक्षा जास्त असेल, तरच तिला अर्थ आहे. वाल भातानंतरच्या ओलाव्यावर होतात आणि उन्हाळ्याच्या आरंभी बाजारात येतात; तेव्हाचा व श्रावणातील भाव यांत चांगलीच तफावत पडते. मिरची, चिंच, आमसूल यांचेही तसेच. सुकी मासळी नीट वाळलेली नसल्यास पावसाळी हवेत दमट होते आणि तीत किडे पडतात, म्हणून तिचे प्रमाण दोन महिन्यांपुरतेच ठेवणे इष्ट. डाळीला एरंडेल चोळणे, कडधान्य राखेत ठेवणे, कडुनिंबाचा पाला घालणे, पावसाळ्याआधी ऊन दाखविणे या जुन्या उपायांचा खर्च नगण्य असतो. ते न करता केलेली साठवण भुंग्यांच्या स्वाधीन होते. तेल, साखर, पीठ यांची वर्षभराची खरेदी मात्र अनाठायी वाटते. तेलाचे भाव तर स्थानिक हंगामावर चालतच नाहीत. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध आणि इंडोनेशियाने पामतेलाच्या निर्यातीवर घातलेली बंदी यांचा परिणाम आपल्या कढईपर्यंत आला होता.

रुपयांआधी किलो

यादी रुपयांत न करता वजनात करावी, असे सुचवावेसे वाटते. भाव बदलतो, भूक त्या मानाने स्थिर असते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत २,००० किलोकॅलरींच्या आहारासाठी दररोज सुमारे २५० ग्रॅम धान्ये, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये किंवा मांस-मासे-अंडी आणि २७ ग्रॅम तेल-तूप सांगितले आहे. चार प्रौढांच्या घरासाठी महिन्याला धान्य ३० किलो, डाळी व तत्सम पदार्थ मिळून सुमारे १० किलो आणि तेल सव्वातीन किलो, असा हिशेब होतो. आपल्या यादीशी हे ताडून पाहिल्यास तेल जास्त व डाळ कमी, असे चित्र अनेक घरांत दिसेल. पैसे कमी पडले म्हणजे कात्री प्रथम डाळ, दूध व फळांना लागते आणि त्याची झळ घरातील सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईला बसते. म्हणून डाळींचे वजन हे अंदाजपत्रकातील न कापण्याचे कलम मानावे.

गळती असते ती निराळ्याच ठिकाणी. घरगुती उपभोग खर्च पाहणीनुसार ग्रामीण भारतात एकूण खर्चातील तृणधान्यांचा वाटा २०११-१२ मधील सुमारे १०.७ टक्क्यांवरून २०२२-२३ मध्ये ४.९ टक्क्यांवर आला. उलटपक्षी पेये, अल्पोपाहार व प्रक्रिया केलेले पदार्थ यांचा वाटा २०२३-२४ मध्ये ग्रामीण भागात ९.८४ टक्के व शहरी भागात ११.०९ टक्के होता. तृणधान्यांवरील खर्च घटण्यास शिधापत्रिकेवरील धान्यही कारण आहे, हे लक्षात घ्यावे लागेल. तरीही वाण्याच्या यादीवर तासभर वाद घालणारे कुटुंब रोजच्या वडापाव, बिस्किटे व शीतपेयांची नोंदच ठेवीत नाही, ही विसंगती उरतेच.

वेष्टनांच्या बाबतीतही सावधगिरी हवी. वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ यांतील २०२१ च्या दुरुस्तीने ठराविक वजनांच्या वेष्टनांची सक्ती गेली आणि त्याऐवजी एकक विक्री किंमत छापणे आवश्यक झाले. परिणामी लिटरभराची वाटणारी पिशवी प्रत्यक्षात कमी वजनाची असू शकते. एक किलोपेक्षा लहान वेष्टनावर ही किंमत प्रतिग्रॅम आणि मोठ्यावर प्रतिकिलो असते. लहान वेष्टनावरील आकड्याला हजाराने गुणल्याखेरीज तुलना होत नाही. तसेच १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या आवेष्टित व नामांकित तांदूळ, डाळ, पीठ यांवर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला, तर पोत्यातून सुटा मोजून दिलेला माल त्यातून मुक्त राहिला. सुटे धान्य निवडण्याचे श्रम करण्यास वेळ असेल, तर हा फरक घरात राहतो.

तासिका तत्त्वावरील अध्यापक

आपल्याच व्यवसायातील एका गटाला वरील वेतनदार उदाहरण लागू पडत नाही. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकांचे मानधन अनेकदा काही महिन्यांनी एकरकमी मिळते आणि उन्हाळी सुट्टीत, म्हणजे नेमके आगोटीच्या वेळी, तासिका नसल्याने ते थांबते. अर्थात त्यांचे चक्र धाटावच्या कामगाराचे नसून हमरापूरच्या मूर्तिकाराचे आहे. रक्कम हाती येताच वही मिटविणे, तीतून प्रथम एप्रिल ते जुलैचे वाणसामान राखून ठेवणे आणि उरलेल्या रकमेचे महिनावार भाग करणे, हाच क्रम त्यांनाही सोयीचा ठरेल. आगोटीतील वाल, मिरची व तांदूळ एवढे तरी त्या रकमेतून आधी घ्यावे आणि सोडे पुढच्या वर्षावर ढकलावेत.