मराठी शिकवणारे सिरस सर

आमच्या केशवापुरात घरात मराठी आणि दाराबाहेर पडलं की कन्नड. त्यामुळे महाराष्ट्राबाहेर राहून मराठी शिकवणाऱ्यांबद्दल मला विशेष आपुलकी वाटते. प्रा. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे त्यांपैकी एक. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात ते वीस वर्षांहून अधिक काळ मराठी शिकवत होते. ‘पायाखालची हिरवळ’ या त्यांच्या कवितासंग्रहाला २००२ मध्ये महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता.

८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री कॅमेरा घेऊन काही माणसं त्यांच्या घरात घुसली. सर एका रिक्षाचालक पुरुषासोबत होते. त्या खासगी क्षणांचं चित्रण झालं. कारवाई मात्र झाली ती सरांवरच! विद्यापीठाने त्यांना निलंबित केलं, राहतं घर सोडायला सांगितलं. निवृत्ती तेव्हा काही महिन्यांवर होती.

खरं तर दोन प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजीच दिला होता. सर न डगमगता अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. १ एप्रिलला निलंबनाला स्थगिती मिळाली. पण ७ एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. पुढे त्यांच्यावर ‘अलीगढ’ हा हिंदी चित्रपट निघाला.

नोकरीच्या आडून माणसाच्या प्रेमावर पहारा ठेवणं आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत १९५३ च्या अध्यक्षीय आदेशानंतर देशाच्या सुरक्षेचं कारण पुढे करून समलिंगी सरकारी नोकरांना शोधून काढलं गेलं. हजारोंची नोकरी गेली.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी हे संबंध गुन्हेगारीतून कायमचे बाहेर काढले. पण सरांच्या बाबतीत कायदा बाजूने असूनही ते एकटेच राहिले, हे मला जास्त बोचतं.

परमुलखातला आपला समाज छोटा. हळदीकुंकू असो की गणेशोत्सव, सगळे सगळ्यांना ओळखतात. अडीअडचणीला ही ओळख धावून येते. पण ‘लग्न कधी?’ या प्रश्नाला खरं उत्तर देता न येणाऱ्या मुलामुलींना तिचाच धाक वाटतो.

तरुण मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी उद्या विश्वासाने आपलं मन मोकळं केलं, तर आधी ऐकून घ्या. ती गोष्ट तुमच्यापाशीच ठेवा. आणि पुढच्या कार्यक्रमाला त्याला नेहमीसारखंच बोलवा.