मुंगीचा माग आणि यंत्रांचे थवे

आपल्या बीड जिल्ह्यांत ऊसतोडीची टोळी मुकादमाशिवाय निघत नाहीं. मुंग्यांच्या टोळीस मात्र मुकादम नसतो, तरी गुळाचा खडा पडला कीं घटकाभरांत रांग लागते. हें कसें घडतें तें समजून घेण्यासारखें आहे. कारण त्याच रीतीनें लहान लहान यंत्रमानवांचे थवे चालविण्याचे प्रयत्न चालू आहेत, आणि पुढेंमागें अशीं यंत्रें शेतांतही येण्याचा संभव आहे.

खाद्य सांपडलेली मुंगी परततांना भुईवर गंधद्रव्याचा माग ठेवते. दुसरी मुंगी त्या मागानें जाते व त्यांत आपली भर घालते. अशा द्रव्यांना १९५९ सालीं कार्लसन व ल्यूशर ह्या शास्त्रज्ञांनीं ‘फेरोमोन’ हें नांव दिलें. आपण त्यास गंधसंकेत म्हणूं. कपाशींत शेंदरी बोंडअळीसाठीं आपण जे कामगंध सापळे लावतों, त्यांच्या ल्यूरमध्यें मादी पतंगाच्या अशाच गंधाची नक्कल असते. म्हणून त्यांत नरच सांपडतात.

ब्रसेल्स येथील गॉस प्रभृति संशोधकांनीं १९८९ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुंग्यांचें घर व खाद्य यांच्यामध्यें एक आंखूड व एक लांब अशा दोन वाटा ठेविल्या. आंखूड वाटेच्या मुंग्या लवकर परतत. त्यामुळें तिजवरील गंध आधीं दाट झाला व बहुतेक मुंग्या तिकडे वळल्या. परंतु प्रथम लांब वाटच ठेवून आंखूड वाट मागाहून खुली केली, तेव्हां मुंग्या लांब वाट सोडीनात. कारण जुना गंध पुरेसा उडाला नव्हता. संकेत उमटणें जितकें महत्त्वाचें, तितकेंच तो वेळेवर पुसला जाणें महत्त्वाचें, हें ह्यांतील मर्म होय.

म्हणूनच मार्को डोरिगो यांनीं १९९२ सालच्या प्रबंधांत मुंग्यांवरून गणिताची जी रीत मांडली, तींत गंध उडून जाण्याची सोय मुद्दाम ठेविली आहे. यंत्रमानवांसही हेंच लागू पडतें. खरें द्रव्य सांडीत जाणें अवघड. म्हणून प्रयोगशाळांत कोठें जमिनीवर प्रकाशाचा माग पाडून तो हळूहळू फिका करितात, तर कोठें एक यंत्र शेजारच्या यंत्रास अदृश्य किरणांनीं खबर देतें. ही दुसरी रीत पेटन प्रभृति अमेरिकन संशोधकांनीं २००१ सालीं मांडली. मुख्य यंत्र कोणीच नसल्यामुळें एक बंद पडलें तरी काम अडत नाहीं.

प्रस्तुत लेखकाची हयात महसुली दप्तरांत गेली. बुजलेली विहीर कागदावर वर्षानुवर्षें कायम राहिलेली त्यानें पाहिली आहे. दप्तरांतील नोंद आपोआप फिकी होत नाहीं. ती कोणी तरी खोडावी लागते.

सापळ्याचेंही तसेंच आहे. २०१७ सालीं ह्या अळीनें मराठवाड्यांत केलेली नासाडी आपण विसरलों नाहीं. हेक्टरीं ५ सापळे लावावे. सलग ३ रात्रीं दर सापळ्यांत ८ पतंग सांपडले म्हणजे उपायाची वेळ आली, असा कृषितज्ज्ञांचा सल्ला आहे. परंतु पतंग रोज मोजून काढून टाकले नाहींत, तर कालचे कोणते व आजचे कोणते हें कळत नाहीं. आणि ल्यूरचा गंध उडून गेला असेल, तर रिकामा सापळा पाहून शेतकरी निर्धास्त राहतो व अळी बोंडांत शिरते. यास्तव रोजची मोजणी लिहून ठेवावी व मुदत संपतांच ल्यूर बदलावा.

उद्यां यंत्रांचे थवे विकावयास येतील, तेव्हांही किंमत विचारण्यापूर्वीं एवढें विचारावें, कीं ह्यांची शिळी खबर किती वेळांत पुसली जाते?